ट्रकवरचा कॅम्पर मुक्कामी उतरवायचा की तसाच राहू द्यायचा?

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय, ओळख काढून थोडक्यात देते.

मागच्या वर्षी ताई आणि त्यांच्या मिस्टरांनी सेकंडहँड ट्रक कॅम्पर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायची ही छोटीशी खोली असते, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग, खाली टेबल-बाक, गॅस, फ्रिज, बाथरूम. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात, ते खाली सोडून कॅम्पर उचलायचा आणि खालून ट्रक काढून घ्यायचा, की कॅम्पर जागेवर उभा आणि ट्रक मोकळा. मिस्टरांचं म्हणणं, प्रत्येक मुक्कामी उतरवायचाच, नाहीतर हा घेतला कशाला. ताईंना ते चार पाय बघूनच धस्स होतं, वारा सुटला की झोप लागत नाही, आणि उतरवताना-चढवताना दोघांची भांडणं ठरलेली. पण उतरवला नाही तर दुसरा त्रास, सकाळी फिरायला निघायचं तर चहाच्या भांड्यापासून अंथरुणापर्यंत सगळं आवरा आणि संध्याकाळी परत मांडा. त्यात सांगलीहून आई आल्यात सहा महिन्यांसाठी, वय ६८, गुडघे दुखतात, आणि कॅम्पर ट्रकवर असला की दाराच्या पायऱ्या त्यांना फार उंच पडतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला ५ रात्री, जाता-येता वाटेत एकेक रात्र, आणि ऑक्टोबरमध्ये यूटातल्या मोआबजवळ डेड हॉर्स पॉइंटला २ रात्री असं ठरलंय. ट्रक थ्री-क्वार्टर टनवाला (मोठ्या पिकअपमधला मधल्या ताकदीचा), क्रू कॅब (चार दारांचा), शॉर्ट बेड (आखूड हौद्याचा), जॅक इलेक्ट्रिक. ताई विचारतात, एकदाच काय ते सांगा, उतरवायचा की नाही, तुम्ही सांगाल ते आम्ही दोघंही मान्य करू.

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. वाटेतल्या एकेका रात्री उतरवू नका. मोआबला उतरवू नका. ग्लेशियरला उतरवा, पण जागा कुठली मिळते ते बघून. आता हे असं का, आणि "एकदाच काय ते" असं उत्तर मी का देत नाहीये, ते सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी तुम्ही तिसरीकडेच कुठेतरी जाल आणि तेव्हा हा निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यायचाय.

तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्यापासून सुरू करते. उतरवता येतो म्हणजे उतरवायलाच पाहिजे, नाहीतर पैसे वाया, हा विचार मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय आणि तो कुठून येतो तेही कळतं, कारण विकणारा पहिल्यांदा तेच दाखवतो, बटण दाबलं की कॅम्पर कसा वर जातो ते. पण ट्रक कॅम्परचा रोजचा फायदा काय आहे सांगू का, तो साध्या पार्किंगच्या जागेत मावतो. मागे ट्रेलर नाही, रिव्हर्स घेताना घाम नाही, अरुंद रस्त्यावर वळता येतं, ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, जाऊन तिथेच आत पोहे करून खाता येतात, बाथरूम सोबत असतं. आईंना घेऊन फिरताना तर बाथरूम सोबत असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, कॅम्पर साइटवर सोडून गेलात की तीच सोय मागे राहते, हे मिस्टरांच्या लक्षात आणून द्या. उतरवता येण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो घरी. सोमवारी कॅम्पर ड्राइव्हवेवर बाजूला ठेवायचा आणि ट्रक ऑफिसला, सामानाला, मित्राचा सोफा हलवायला मोकळा. मोटरहोमवाल्याला हे जमत नाही. तेव्हा कॅम्पिंगला एकदाही उतरवला नाही तरी तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत.

आता तुमची भीती. ती खोटी नाहीये, फक्त ती चुकीच्या वेळी वाटतेय. तुम्हाला धस्स होतं ते रात्री आत झोपल्यावर, पण खरा धोका असतो तो उचलताना आणि ट्रक खालून काढताना-घालताना. जॅकचे पाय सरळ खाली येणारं वजन पेलायला केलेले असतात, बाजूने येणारा जोर त्यांना सोसत नाही. पुढे-मागे धक्का बसला, एक पाय मऊ मातीत रुतला, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा फार खाली गेला, की सगळं वजन तिरकं होतं आणि तिथे गडबड होते. पूर्ण उंच उचललेला कॅम्पर म्हणजे शेतातलं मचाण, वारा आला की हलणारच. तोच कॅम्पर ट्रक काढून घेतल्यावर खाली, अगदी जमिनीपासून फूटभरावर आणला की पाय आखूड राहतात, वजन खाली येतं आणि हलणं खूप कमी होतं. खूप जण आळसाने हे करत नाहीत, ट्रक काढला की कॅम्पर तसाच वर टांगलेला ठेवतात कारण परत चढवताना सोपं पडतं म्हणून, आणि मग रात्रभर आत कोणी कूस बदलली तरी सगळे जागे. तुमच्याकडेही असंच होत असावं असा मला दाट संशय आहे, कारण तुम्ही लिहिलंय की उतरवल्यावरही आईंना पायऱ्या लागतातच. नीट खाली आणलात तर एक पायरी, फार तर दोन.

अजून एक, तुमच्या कॅम्परचं मॅन्युअल काढा. सेकंडहँड घेतलाय तर कागद मिळाले नसतील, बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल्स पीडीएफमध्ये मिळतात. त्यात नुसत्या जॅकवर उभा असताना आत राहायला चालतं का ते बघा. सगळ्या कंपन्या एकच सांगत नाहीत, कोणी चालतं म्हणतं, कोणी तळाखाली आधार द्या म्हणतं. आधार द्यायचा तर सुताराकडे असते तशी मजबूत घोडी, पुढच्या बाजूला तळाखाली, कारण पलंग पुढे आलेला असल्यामुळे दोघं झोपलात की वजन पुढे जातं. स्लाइड-आउट असेल, म्हणजे भिंत बाहेर सरकते तो प्रकार, तर उचलताना आणि खाली घेताना तो आत हवा की नको हेही तिथेच लिहिलेलं असतं. मिस्टर म्हणतील सगळे असंच करतात. सगळ्यांचा कॅम्पर तुमचा नाहीये.

मग ठरवायचं कसं. मी स्वतःला तीनच गोष्टी विचारते. एकाच जागी किती रात्री आहोत, त्या दिवसांत नुसता ट्रक घेऊन जावं लागेल असं ठिकाण खरंच आहे का, आणि जागा सपाट, टणक, वाऱ्यापासून आडोशाची आहे का. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर मी पुढचं बघतच नाही. सवय नसलेल्या दोघांना उतरवायला अर्धा तास आणि चढवायला त्याहून जास्त लागतो, चढवताना तर हौद्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम इंच-दोन इंच जागा असते आणि ट्रक सरळ रेषेत मागे घ्यायचा असतो. एका रात्रीसाठी, सहा-सात तास गाडी चालवून दमल्यावर, अंधार पडताना हे करायचं म्हणजे भांडण न होईल तरच नवल. तुमची भांडणं तुमच्या स्वभावाची नाहीत हो, संध्याकाळच्या साडेसात वाजताची आहेत.

ग्लेशियरचं जरा खोलात जाऊन सांगते कारण तिथे उतरवण्याला खरं कारण आहे. गोइंग-टू-द-सन रोड हा तिथला मुख्य रस्ता, लोगन पासवर ६,६४६ फुटांपर्यंत चढतो, आणि त्याच्या मधल्या भागात, ॲव्हलांच क्रीकपासून राइझिंग सनपर्यंत, गाडीच्या मापावर बंधन आहे. लांबी २१ फूट, रुंदी आरशांसकट ८ फूट, उंची १० फूट. तुमचा कॅम्पर हार्ड-साइड, म्हणजे टणक भिंतींचा आहे, ट्रकवर चढवलेला असा कॅम्पर साधारण ११-१२ फुटांपर्यंत जातो, म्हणजे कॅम्परसकट तिथे प्रवेशच नाही. नुसता ट्रक जाईल का, तर इथे टेप घेऊन मोजा, अंदाजावर राहू नका. शॉर्ट बेडचे क्रू कॅब २१ फुटांच्या अगदी काठावर असतात, लांबी बंपरपासून बंपरपर्यंत धरतात, मागे हिचला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकाला, काही लावून ठेवलं असेल तर ते काढा. आणि खरी अडचण आरशांची येते. मोठे टोइंगचे आरसे बाहेर काढलेले असले की मोठा पिकअप ८ फुटांच्या वर सहज जातो. लाँग बेडवाल्या वाचकांनी तर आशाच सोडावी, क्रू कॅब लाँग बेड २१ फुटांच्या पुढे जातो, म्हणजे कॅम्पर उतरवूनही काही उपयोग नाही, उगाच दोन तास मेहनत.

समजा तुमचा ट्रक बसत नाही. तरी वाईट वाटून घेऊ नका. तिथे १९३० च्या दशकातल्या लाल बसेस अजून चालतात, वरचं कापडी छप्पर मागे गुंडाळतात, बसल्या बसल्या मान वर करून डोंगर बघता येतात, आणि त्या कड्याच्या रस्त्यावर तुमच्या मिस्टरांनाही स्टिअरिंगऐवजी बाहेर बघता येईल. आधी बुकिंग करावं लागतं. चढायच्या पायरीचं त्यांना फोन करून विचारून घ्या. मला विचाराल तर ट्रक बसत असला तरी आईंना मी लाल बसनेच नेईन. आणि ॲव्हलांच क्रीकपर्यंत पश्चिमेकडून कॅम्परसकट जाता येतं, तिथे ट्रेल ऑफ द सीडार्स म्हणून लाकडी फळ्यांची छोटी सपाट वाट आहे, व्हीलचेअरही जाते त्यावरून, देवदारासारख्या उंच झाडांमधून. दुखऱ्या गुडघ्यांना ती झेपेल आणि मन भरेल.

जागेचं म्हणाल तर बुकिंग पश्चिमेला ॲपगारला असेल तर उतरवा, झाडांमध्ये आहे, आडोसा आहे, लेक मॅकडोनल्ड जवळ. पूर्वेला सेंट मेरीला असेल तर नको. त्या दरीत वारा जबरदस्त वाहतो, तो कधी सुटेल त्याचा नेम नाही, आणि रात्रभर तुम्ही छताकडे बघत पडून राहाल. पत्रात तुम्ही कॅम्पग्राऊंडचं नाव लिहिलं नाहीये म्हणून दोन्ही सांगितलं. काही कॅम्पग्राऊंडवर उतरवायला मनाईच असते, किंवा काँक्रीट-डांबर खराब होऊ नये म्हणून जॅकखाली फळ्या सक्तीच्या असतात, तेव्हा जिथे बुकिंग असेल तिथे आधी विचारून ठेवा. आणि ग्लेशियर अस्वलांचं घर आहे. ट्रक घेऊन फिरायला गेलात तर खुर्च्या बाहेर राहिल्या तरी चालतील, पण कूलर, भांडी, खाण्याचं काहीही बाहेर नको, सगळं कॅम्परच्या आत आणि दार कुलूपबंद.

मोआबला नको असं मी का म्हणाले ते आता. दोनच रात्री आहेत हे पहिलं. डेड हॉर्स पॉइंट पठाराच्या माथ्यावर आहे, वाऱ्याला अडवायला तिथे फार काही नाही हे दुसरं. आणि मुख्य पॉइंटपर्यंत डांबरी रस्ता आहे, शेजारच्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कचा आयलंड इन द स्काय भागही असाच, आर्चेस नॅशनल पार्कमध्येही बहुतेक ठिकाणी पार्किंगपर्यंत चांगला रस्ता आहे, तेव्हा कॅम्पर घेऊनच फिरता येतं. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना शेफर ट्रेलवर ट्रक घालायचाय आणि म्हणून कॅम्पर उतरवायचा हट्ट आहे. तो कच्चा रस्ता कड्यावरून नागमोडी खाली उतरतो, एका बाजूला खोल दरी. हौस असणं चांगलंच आहे, पण त्यासाठी मोआब गावात एका दिवसासाठी जीप भाड्याने मिळते, ती घ्या, ते एकटे किंवा तुम्ही दोघं सकाळी जाऊन या. आईंना त्या रस्त्यावर नेऊ नका. कॅम्पर चढवलेला असताना तर तो ट्रक त्या रस्त्यावर न्यायचाच नाही, वजन सगळं वर असतं आणि तिरक्या जागी ट्रक एका बाजूला ओढतो.

आता उतरवायचं कसं, ते थोडं जवळून. साइट बॅक-इन असेल तर उत्तम, कारण ट्रक मागे घेऊन लावायचा, कॅम्पर उचलायचा आणि ट्रक सरळ पुढे काढायचा. पुढे ट्रकच्या लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा आहे का ते आधी चालत जाऊन बघा, झाड, दगड, फायर रिंग काही आडवं येत नाही ना. हँडब्रेक, गॅस सिलिंडर बंद, पाण्याच्या टाक्या शक्यतो हलक्या, पाण्याचं एक गॅलन ८.३ पौंड असतं, ३० गॅलनची टाकी भरलेली म्हणजे २५० पौंड उगाच उचलायचे. मग ती जाडी काळी वायर, ट्रकमधून कॅम्परला करंट देणारी, ती काढा. हीच विसरते. हौद्यात पुढच्या बाजूला असते, दिसत नाही, आणि ट्रक पुढे घेतला की तुटते, नाहीतर सॉकेटसकट उपटते. चारही टायडाऊन, म्हणजे कॅम्पर ट्रकला आवळून ठेवणारे ताण, सोडा. चारही जॅकखाली जाड फळकुटं, निदान फूटभर लांब-रुंद, मातीत आणि रेतीत तर हवीतच.

उचलताना चारही जॅक थोडे थोडे, पुढची बाजू मागच्यापेक्षा कायम जराशी वर. उलटं झालं तर कॅम्पर पुढे कलायला बघतो. आणि एक गोष्ट नव्या लोकांना चकवते, कॅम्परचं वजन उतरायला लागलं की ट्रकच्या स्प्रिंगा वर येतात, त्यामुळे तुम्हाला वाटतं आता सुटला, पण ट्रक त्याच्याबरोबरच वर येत असतो. हौद्याचा तळ आणि कॅम्परचा तळ यांच्यात दोन्ही बाजूंनी पलीकडचा उजेड दिसेपर्यंत उचलायचं, त्याआधी ट्रक हलवायचा नाही. मग गाडी अगदी हळू पुढे, तुम्ही बाजूला उभ्या, ट्रक आणि कॅम्परच्या मध्ये कोणीही नाही, खाली वाकून बघणं नाही. ट्रक निघाला की लगेच कॅम्पर खाली घ्यायला सुरुवात करा, परत पुढची बाजू जरा वर ठेवत, आणि शेवटी सपाट करा. सपाट करायला साधं स्पिरिट लेव्हल ठेवा आत टेबलावर, गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर त्यालाही सपाटच लागतं.

बॅटरीचं मात्र विसरू नका. ट्रक जोडलेला असताना चालवताना थोडंफार चार्जिंग होतं, उतरवला की ते बंद. छतावर सोलर नसेल, साइटला वीज नसेल आणि थंडीत रात्रभर हीटरचा पंखा फिरला, तर पाचव्या दिवशी जॅक कॅम्पर उचलतानाच दम टाकतील, कारण तेही त्याच बॅटरीवर चालतात. बहुतेक इलेक्ट्रिक जॅकना हाताने फिरवायची सोय असते, ती कुठे आहे, कुठला पाना लागतो, हे घरीच शोधून तो पाना कॅम्परमध्ये ठेवा.

ज्या रात्री उतरवणार नाही त्यांचं काय, आईंच्या पायऱ्यांचं काय. एक तर आरव्हीसाठी मिळणारा रुंद ॲल्युमिनियमचा प्लॅटफॉर्म घ्या, घडी होणारा, पाय कमी-जास्त करता येणारा. लोंबत्या पायऱ्यांच्या खाली तो ठेवला की पहिली पायरी, जी सगळ्यात उंच असते, ती अर्धी होते. दुसरं, दाराला धरायचं हँडल मजबूत बसवून घ्या, आधीचं असेल तर स्क्रू हलतायत का ते बघा. त्यांना तोंड कॅम्परकडे करूनच उतरायला सांगा, शिडीवरून उतरतो तसं. आणि आत बाथरूम आहे, म्हणजे रात्री त्यांना खाली उतरायची वेळच यायला नको, झोपायच्या जागेपासून तिथपर्यंत एक छोटा दिवा चालू राहू द्या. कॅम्पर ट्रकवर असतानाही हलतो, त्यावर बरेच जण मागचे दोन जॅक जमिनीला टेकतील इतपत खाली घेतात, उचलायचं नाही, नुसतं टेकवायचं. हलणं कमी होतं. पण सकाळी ते वर न घेता गाडी सुरू केली तर मोठं नुकसान, म्हणून जॅक खाली असले की रिमोट किंवा लाल कापडाची चिंधी स्टिअरिंगला बांधून ठेवायची, आमच्याकडे हा नियम पक्का आहे.

आणि रोजची आवराआवर. तुम्ही लिहिलंय "सगळं आवरा", पण सगळं म्हणजे किती? चालत्या गाडीत काय पडेल, सांडेल, फुटेल एवढंच आवरायचं असतं. अंथरूण तसंच राहिलं तर बिघडलं काय. भांडी सिंकमध्ये टॉवेलवर ठेवा, फ्रिजचं आणि कपाटांचं दार लावलं का, छताच्या खिडक्या बंद आहेत का, पायऱ्या वर घेतल्या का, गॅस बंद का, झालं. हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा. सवय झाली की दहा मिनिटांत निघता येतं. साइट रिकामी दिसू नये म्हणून एक खुर्ची आणि टेबल मागे ठेवायचं, नाहीतर कोणी येऊन तंबू लावायचं.

भांडणांबद्दल बोलायचं राहिलं. तुमच्या पत्रात मला खटकलं ते एवढंच की रिमोट कायम त्यांच्या हातात असतो आणि तुम्ही बाहेर उभं राहून "थांबा थांबा" ओरडता. ज्याला भीती वाटते त्याच्या हातात काहीच नसेल तर भीती वाढतेच. रिमोट तुम्ही घ्या. जॅक तुम्ही चालवा, ट्रक ते चालवतील. घरी ड्राइव्हवेवर, भर दुपारी, आई खुर्ची टाकून लांब बसल्या आहेत अशा वेळी चार-पाच वेळा उतरवा आणि चढवा, कंटाळा येईपर्यंत करा. दोघांपैकी कोणीही "थांब" म्हटलं की काही न विचारता थांबायचं, कारण नंतर विचारायचं. हाताच्या खुणा ठरवून घ्या, कारण डिझेलच्या आवाजात ऐकू येत नाही आणि ऐकू न आलेल्या गोष्टीवरूनच अर्धी भांडणं होतात. मिस्टर तुम्हाला म्हणतात ना, तू प्रयत्न न करताच नाही म्हणतेस, त्यांच्या त्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि तुम्ही म्हणता त्यांना धोका दिसत नाही, त्यातही आहे. ड्राइव्हवेवर दोन्ही मिटतील असं मला वाटतं.

एक शंका मात्र मला छळतेय. पत्रात ओझरतं आलंय की हायवेवर कॅम्पर डोलतो म्हणून मिस्टरांना "ओझं उतरवलं की बरं वाटतं". ताई, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं. बाथरूम असलेला हार्ड-साइड कॅम्पर पाणी, गॅस, सामान भरल्यावर ३,००० पौंडांच्या वर सहज जातो, त्यात तुम्ही तिघं. थ्री-क्वार्टर टन ट्रकला हे कधी झेपतं, कधी नाही. सगळं भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करा, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगळं मिळतं. टायरवरचा लोडचा आकडा बघा, हवा तपासा. जास्त भरत असेल तर आधी सामान आणि पाणी कमी करा. मुक्कामी उतरवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो रस्त्यावरचा आहे, आणि ग्लेशियरपर्यंतचा रस्ता तर दोन दिवसांचा आहे.

बाकी वाचकांसाठी, ज्यांचे प्रकार वेगळे आहेत. पॉप-अप, म्हणजे छप्पर वर उघडणारा हलका कॅम्पर असेल, तर उतरवायचा विचारच सोडा, त्यातले बरेच जण जॅक काढून घरीच ठेवतात आणि वजन वाचवतात. फक्त कापडी भिंतीमुळे अस्वलांच्या भागात काही कॅम्पग्राऊंडवर प्रवेश नसतो, यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये फिशिंग ब्रिज कॅम्पग्राऊंडला हार्ड-साइडच लागतो. मागे जोड-चाकं असलेला ड्युअली असेल तर पुढचे जॅक बाहेर वळवायचे ब्रॅकेट लागतात, ते आहेत का ते आधी बघा. यूटातल्या झायन नॅशनल पार्कचा जुना बोगदा ११ फूट ४ इंच उंची किंवा ७ फूट १० इंच रुंदीच्या वरच्या गाड्यांना मोकळा नाही, जायच्या आधी पार्कचे चालू नियम वाचा, तिथे तीन-चार रात्री असाल तर उतरवण्याला अर्थ आहे. रिटायर झालेले आणि हिवाळ्यात ॲरिझोनात महिनोन्‌महिने एका जागी राहणारे, त्यांनी खुशाल उतरवावा, तळाखाली आधार देऊन, आणि बीएलएम या सरकारी खात्याच्या बहुतेक जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवसांचीच मुभा असते हे धरून. लहान मुलं सोबत असतील तर उचलताना एक मोठा माणूस फक्त त्यांच्याजवळ हवा, तिसरं माणूस नसेल तर मुलं ट्रकपासून लांब, शेजारच्या साइटवाल्यांना विनंती करून, पण कॅम्परजवळ नकोत.

आणि परतीच्या दिवसाचं एक. ग्लेशियरहून सहाव्या दिवशी सकाळी निघताना चढवायची घाई होणार, पुढे लांबचा रस्ता आहे, मन तिकडे धावणार. त्यापेक्षा पाचव्या दिवशी दुपारी, उजेडात, जेवण झाल्यावर कॅम्पर चढवून टाका आणि शेवटची रात्र ट्रकवर झोपा. आईंसाठी प्लॅटफॉर्म आहेच. सकाळी चहा घेऊन, वायर जोडली का आणि टायडाऊन घट्ट आहेत का एवढं बघून निघा, आणि पन्नासेक मैलांवर थांबून ते टायडाऊन परत एकदा तपासा, सुरुवातीला ते थोडे सैल होतातच.